मुळं, कंद, कांड्या: औषधी मुळांबद्दल तुम्हाला काय ठाऊक आहे?

रानजाई

तुळस, अडुळसा, कोरफड, गुळवेल यांवर इथे भरपूर लिहून झालं आहे. मुळांवर मात्र वेगळा धागा सापडला नाही, म्हणून हा काढते आहे.

मुळांचा विचार वेगळा करायला हवा. पान खुडलं तर नवं फुटतं, फळ काढलं तर पुढच्या मोसमात पुन्हा धरतं. मूळ खणलं की बहुतेक वेळा ती वनस्पतीच संपते. शिवाय घरात आलेल्या सुक्या मुळाला ना पान ना फूल, त्यामुळे ते नेमकं कशाचं हे ओळखणंही सगळ्यात अवघड. म्हणजे जिथे नीट पारखून घ्यायला हवं, तिथेच आपण पुडीवरच्या नावावर विसंबून मोकळे होतो. हे मला फार खटकतं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात ज्यांचं मूळ वापरायचं अशा 16 वनस्पती वेगळ्या सांगितल्या आहेत आणि ज्यांचं फळ वापरायचं अशा 19 वेगळ्या. त्याच अध्यायात पुढे येतं की वनस्पतींची नावं आणि रूपं शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि रानात राहणारे लोक जाणतात, पण तेवढ्यानं औषध कसं योजायचं ते कळत नाही. ओळख न पटलेलं औषध विष, शस्त्र, अग्नी आणि विजेसारखं मानायचं, हेही तिथेच. मला वाटतं मुळांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी एकत्र लागतात: रानाची ओळख, वैद्यकाची समज आणि थोडी भीती.

सुरुवात दशमुळापासून करते, कारण बाळंतिणीचा काढा म्हणून हे नाव जवळपास प्रत्येक घरानं ऐकलेलं असतं. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण ही पाच मोठी झाडं, म्हणजे बृहत्पंचमूळ. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू ही पाच छोटी झुडपं, म्हणजे लघुपंचमूळ. वात आणि सूज यांवर या दहांचा एकत्र वापर सांगितला आहे.

तुमच्या घरात कोणती मुळं वापरात होती, कशी वापरायचे, खरं-खोटं कसं पारखायचे, आणि कोणी ती घेऊ नयेत, सगळं लिहा. वैद्य आणि डॉक्टर मंडळींनी तर जरूर लिहा.

अंगणातली_तुळस

रानजाई, चांगला विषय घेतलास गं.

आमच्याकडे उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी पडायची. आधी वाळा दोन-तीन पाण्यांतून धुवायचा, कारण तंतूंमध्ये बारीक माती अडकलेली असते आणि ती नाही गेली तर पाण्याला मातकट चव येते. मग दोऱ्यानं घट्ट बांधून माठाच्या तळाशी. पाणी पिताना आधी नाकाला वास लागतो, मग घशाला गार वाटतं. वास उतरला की जुडी काढून कडक उन्हात वाळवायची, पुन्हा एकदा चालते. त्यानंतरही टाकायची नाही, कपड्यांच्या कपाटात ठेवायची.

वेखंडही असायचं. बाळाला न्हाऊ घातलं की टाळूला आणि कानामागे वेखंडाची पूड लावायची. धान्याच्या कणगीत आणि ठेवणीतल्या साड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायचे, कीड लागत नसे.

दूधभात

अगदी वेळेवर धागा आला! माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. आईनं घुटीची पेटी आणून ठेवली आहे: हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, जायफळ, मायफळ, खारीक, बदाम, सुंठ, हळकुंड, वेखंड, ज्येष्ठमध, अतिविष, नागरमोथा. सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे वेढे द्यायचे, कशाचा एक, कशाचे दोन, वेखंडाचा जेमतेम अर्धा. बाळाचे डॉक्टर म्हणतात काही देऊ नका. आई म्हणते तुम्ही सगळे यावरच वाढलात. मी दोघींच्या मध्ये.

स्टेथो

दूधभात, तुमच्या बाळाच्या डॉक्टरांचं ऐका. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आणि बालरोगतज्ज्ञांची हीच शिफारस आहे. सहाण, उगाळलेला तुकडा, वाटी, बोट यांपैकी कशातूनही जंतू जाऊ शकतात आणि या वयात जुलाब लागले तर बाळ काही तासांत कोरडं पडतं.

वेखंडाबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात बीटा-असारोन नावाचा घटक असतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वेखंडाच्या तेलानं गाठी झाल्याचं दिसल्यावर अमेरिकेनं 1968 साली खाद्यपदार्थांत त्याच्या वापरावर बंदी घातली. जायफळानं बाळ शांत झोपतं असं म्हणतात, पण ती गुंगी असते, आणि तीन महिन्यांच्या बाळाला गुंगी आणणं धोक्याचं आहे. पूड टाळूवर लावतानाही ती नाकातोंडात उडते, तेही टाळावं.

आईंना दुखवू नका. पेटी बंद करून ठेवा, इतकंच.

आयुर्वैद्या

मी द्रव्यगुण शिकवते, म्हणजे वनस्पती ओळखणं आणि ओळखायला लावणं हेच रोजचं काम.

स्टेथो यांच्याशी मी सहमत आहे, आणि आयुर्वेद सोडून सहमत आहे असंही नाही. कश्यपसंहितेत लेहाध्याय आहे. त्यात बाळाला चाटण कोणाला द्यावं हे जितकं सांगितलं आहे, तितकंच कोणाला देऊ नये हेही सांगितलं आहे. घुटीची एकच पेटी आणि सगळ्या बाळांना तेच वेढे, ही आपण नंतर लावलेली सवय आहे. वैद्यानं बाळ पाहून एखादं द्रव्य ठरवणं वेगळं, आणि रोज सकाळी तेरा वस्तू उगाळणं वेगळं.

तुमच्या यादीतलं अतिविष हाताळताना तर डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. ते हिमालयात उंचावर येतं. त्याच कुळातला बचनाग हे जहाल विष आहे, हृदयाचे ठोके बिघडवून माणूस दगावतो. अतिविषाचा कंद छोटा, बाहेरून करडा, मोडला की आत पांढराशुभ्र पिठूळ आणि चवीला कमालीचा कडू. बचनाग जिभेला बधिर करतो. पण जिभेवर ठेवून बघायचा प्रयोग कोणीही करू नका. आज खात्रीचं अतिविष मिळणंच दुरापास्त झालं आहे. जंगलातून इतकं खणलं गेलं की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती धोक्यात आलेली प्रजाती आहे. स्वस्तात मिळतं तेव्हा ते अतिविष असेलच असं समजू नका.

दूधभात

दोघांचेही मनापासून आभार. आईला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. मायलेकीत भांडण न होता पेटी वरच्या फळीवर गेली. :)

सड्यावरचा

वाचतोय, फारच उपयुक्त चर्चा.

माझं सह्याद्रीत आणि कोकणातल्या सड्यांवर फिरणं असतं, त्यामुळे रानातली बाजू मांडतो. उपळसरी घ्या, म्हणजे अनंतमूळ. कुंपणाच्या कडेला, दगडांच्या सांदीत पसरलेला बारीक वेल. याची पानं फसवतात. कोवळ्या वेलावर लांब आणि अरुंद, जुन्या वेलावर रुंद, पण मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढुरकी छटा बहुधा दिसते. पान मोडलं की चीक येतो. मूळ बोरूएवढं जाड असलं तरी पुष्कळ झालं. साल तपकिरी, आतला गाभा लाकडासारखा कडक. वास सालीत असतो, गाभ्यात नाही. नखानं साल जराशी खरवडली की व्हॅनिलासारखा गोड वास येतो. दक्षिणेत याचंच नन्नारी सरबत करतात.

विकायला येणाऱ्या जुड्यांत कधी कधी नुसत्या वासहीन काड्या असतात. त्या दुसऱ्याच वेलीच्या, किंवा इतक्या जुन्या की वास उडून गेलेला. दोन्ही निरुपयोगी.

आता दुखणं सांगतो. एक वेल उपटला की हातात चिमूटभर साल येते. वाटेकडेला दिसला म्हणून प्रत्येकानं उपटला तर पाच पावसाळ्यांत त्या वाटेवर उपळसरी राहत नाही. मी हे होताना पाहिलं आहे. नरक्याचं काय झालं ते सह्याद्रीत फिरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. कॅन्सरवरच्या औषधासाठी लागणारं कॅम्प्टोथेसिन त्यात सापडलं आणि झाडं खोडामुळासकट ट्रकांतून गेली. नरक्या आयुर्वेदातला नव्हे, पण वाट तीच.

काळीमाती

शेतकऱ्याची बाजू मांडतो.

अश्वगंधा मुळासाठीच लावतात. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौर पट्ट्यात सगळ्यात जास्त, नीमचची मंडी त्यासाठी प्रसिद्ध. हलकी, निचऱ्याची जमीन लागते. भारी काळ्या रानात पाणी साचलं की मूळ कुजतं. पावसाळ्यात पेरायची, पाच-सहा महिन्यांनी पानं वाळायला लागली आणि फळं लाल झाली की उपटायची. म्हणजे जानेवारी ते मार्चच्या आसपास. मुळं झाडाच्या बुडख्यापासून तोडून बोटभर लांबीचे तुकडे करतात, वाळवतात आणि मग प्रतवारी.

प्रतवारी बघण्यासारखी असते. चांगलं मूळ जाड, सरळ, फांद्या नसलेलं. दोन्ही हातांत धरून मोडलं की कट्कन आवाज येतो आणि आत पांढरं पीठ दिसतं. वातड, लवचिक, आत पिवळट तंतू असलेलं मूळ खालच्या प्रतीचं. ते खूप उशिरा काढलेलं असतं किंवा नीट वाळलेलं नसतं. पावडर घेतली की हे काहीच दिसत नाही. माझा आग्रह असा की शक्य तिथे अख्खं मूळ घ्या आणि घरी कुटा.

सफेद मुसळीबद्दलही लिहायला हवं. तिच्या शास्त्रीय नावात आपलं बोरिवली आहे, तिथल्या रानातून ती नोंदली गेली म्हणून. शेतकऱ्यांत तिची लाट आली तेव्हा एका कंपनीनं आमच्या भागात महागडं बेणं विकलं आणि सगळा माल परत घेऊ म्हणून कागद केले. माल तयार झाला तेव्हा फोन लागेना. सोललेल्या मुसळीला बुरशी लागली आणि आम्ही ती बांधावर टाकली. औषधी पीक लावणाऱ्यांनी आधी माल घेणारा बघावा, मग बेणं.

रानजाई

काळीमाती दादा, वाचून वाईट वाटलं. पण लिहिलंत ते बरं केलंत.

मुळं कधी काढायची याचा उल्लेख आला म्हणून सांगते. चरकाच्या कल्पस्थानात काळ दिला आहे: कोवळ्या फांद्या आणि पालवी वर्षा-वसंतात, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात पानं गळाल्यावर किंवा जून झाल्यावर, साल आणि कंद शरदात. दादांचा जानेवारी-मार्च यात चपखल बसतो. पानं वाळतात तेव्हा झाडानं वर्षभर केलेलं अन्न खाली मुळात साठलेलं असतं, शिवाय बी पडून गेलेलं असतं. म्हणजे औषधही कसदार आणि पुढची पिढीही जमिनीत. ऐन पावसात हिरवंगार झाड उपटणारा दोन्ही गमावतो.

खर्जषड्ज

ज्येष्ठमध कोणीच घेतलं नाही अजून? आम्हा गाणाऱ्यांच्या खिशात कायम असतं. बोटाच्या पेराएवढी कांडी गालात धरायची, चावायची नाही, रस हळूहळू उतरू द्यायचा. मैफलीच्या दिवशी घसा ओला राहतो. चांगली कांडी बाहेरून तपकिरी, आत पिवळी आणि तंतुमय. आधी मातकट लागते, मग गोडी येते ती बराच वेळ जिभेवर राहते. पोकळ, काळवंडलेली कांडी घेऊ नये.

मी रोजच घेते, रियाजाच्या आधी आणि नंतर. चालेल ना?

स्टेथो

कधीमधी छोटा तुकडा चघळणं वेगळं आणि महिनोन्महिने रोज वेगळं. ज्येष्ठमधाची गोडी ग्लिसिरायझिनची, साखरेच्या साधारण 50 पट. हाच घटक शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतो आणि पोटॅशियम कमी करतो. रक्तदाब चढतो, पायांना सूज येते, स्नायूंत अशक्तपणा येतो, क्वचित हृदयाची लय बिघडते. रक्तदाब, हृदयविकार, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी नियमित घेऊ नये. तुम्ही रोज घेत असाल तर रक्तदाब तपासून घ्या आणि मैफलीपुरतंच ठेवा.

खर्जषड्ज

बाप रे, हे अजिबात माहीत नव्हतं. उद्याच तपासते. आमच्या गटातही पाठवते हा प्रतिसाद.

औषधशास्त्री

सर्पगंधेशिवाय हा धागा अपुरा राहील. लांबण लागेल, पण वाचाच.

सर्पगंधेचं मूळ उन्माद, निद्रानाश आणि सर्पदंशावर वापरायची जुनी परंपरा. 1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब यांवरच्या तिच्या उपयोगाबद्दल लिहिलं. त्याच सुमाराला सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी तिच्या मुळातून अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारे घटक, वेगळे केले आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन म्हटलं. मग आले मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांनी रक्तदाबाच्या 50 रुग्णांवरचा अनुभव 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष वेधलं गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातला रक्तदाब उतरवणारा घटक, रिसर्पीन, वेगळा केला. रक्तदाबावरच्या आधुनिक औषधांच्या पहिल्या काही पावलांतलं हे एक पाऊल. डॉ. वकील यांना 1957 साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे ठळकपणे असायला हवं असं वाटतं.

याची दुसरी बाजूही त्याच मुळातून आली. रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आलं आणि पुढे अधिक सुरक्षित औषधं आल्यावर त्याचा वापर मागे पडला. मागणीमुळे रानातली सर्पगंधा ओरबाडली गेली. आज ती वन्यजीव व्यापारावरच्या साइटिस कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, म्हणजे परदेशी व्यापारावर नियंत्रण आहे. कुटकी आणि जटामांसी याच परिशिष्टात आहेत. कोष्ठ ही वनस्पती तर परिशिष्ट 1 मध्ये, वाघाच्या रांगेत.

झोप येत नाही म्हणून स्वतःच्या मनानं सर्पगंधेच्या गोळ्या घेणारे लोक मला भेटतात. रक्तदाबाची दुसरी गोळी चालू असताना यातून चक्कर येऊन पडण्यापर्यंत वेळ येते. कृपया करू नका.

निशिगंधा_२

हळद आणि सुंठ यात धरायची का? ती तर रोजच्या डब्यात असतात.

आयुर्वैद्या

हळद, सुंठ, वेखंड ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे मुळं नाहीत, जमिनीखाली आडवी वाढणारी खोडं आहेत. त्यांना डोळे असतात. याचा फायदा असा की काढताना डोळ्यासकट एक तुकडा परत मातीत ठेवला की झाड पुन्हा उभं राहतं. शतावरीचंही जवळपास तसंच. तिच्या बुडख्याला मुळांचा झुबका लटकलेला असतो. जाड मुळं काढून घेऊन बुडखा चार-दोन मुळांसकट पुन्हा लावता येतो. दशमुळातल्या मोठ्या झाडांना ही सोय नाही.

दशमुळाबद्दल रानजाईंनी लिहिलं त्यात भर घालते. बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण यांच्या मुळाची साल घ्यायची असं शास्त्र सांगतं. मोठ्या झाडाचं मूळ काढायचं तर झाड पडतं, म्हणून व्यवहारात बहुतेक वेळा खोडाची साल येते आणि दशमूळ म्हणून विकली जाते. विद्यार्थ्यांना मी भरड पसरून दाखवते: मुळाची साल आणि खोडाची साल यांचा पोत वेगळा दिसतो, खोडाच्या सालीवर बरेचदा दगडफूल चिकटलेलं असतं. झाड वाचवायला खोडाची साल किंवा कोवळ्या फांद्या चालतील का यावर अभ्यास चालू आहेत आणि मी त्या बाजूची आहे. पण मग डब्यावर तसं लिहावं. मूळ म्हणून साल विकणं मला मान्य नाही. लघुपंचमूळ मात्र छोट्या झुडपांचं आहे, ते शेताच्या कडेनं सहज लावता येतं, त्यासाठी रानात जायची गरजच नाही.

दशमूळ काढा आणि दशमूलारिष्ट यांत गल्लत करू नका. अरिष्ट आंबवून करतात, धायटीची फुलं घालून, आणि त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो. स्तनपान चालू असताना ते किती घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे वैद्याला विचारूनच.

काढ्याबद्दल खूप जणांचं चुकतं म्हणून लिहिते. पावडर उकळू नका, भरड घ्या. एक भाग भरड, सोळा भाग पाणी, उघड्या भांड्यात मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. झाकण ठेवायचं नाही. दुधात शिजवायचं असेल तर क्षीरपाक. द्रव्याच्या आठपट दूध, दुधाच्या चौपट पाणी, आणि सगळं पाणी आटून फक्त दूध उरेपर्यंत उकळायचं. म्हणजे 5 ग्रॅम अश्वगंधा, 40 मिलिलिटर दूध, 160 मिलिलिटर पाणी. पाणी घालायचं ते मूळ शिजायला वेळ मिळावा आणि दूध खाली लागू नये म्हणून. गरम दुधात चमचाभर पावडर ढवळणं म्हणजे क्षीरपाक नव्हे.

आणि चूर्ण साठवू नका. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचं वीर्य, म्हणजे औषधाची ताकद, दोन महिन्यांनी कमी होतं असं म्हटलं आहे. अख्खं मूळ कोरडं ठेवलं तर बरंच टिकतं.

अंगणातली_तुळस

शतावरीवरून आठवलं. कल्प घरी करायचो आम्ही. ताजी मुळं बोटासारखी जाड, दोन्ही टोकांना निमुळती, पांढुरकी. आधी जरा वाफवायची, मग साल हातानं निघते. उभी चीर देऊन मधला दोरा ओढून काढायचा. तो राहिला तर कितीही कुटा, चोथाच येतो. मग मुळं कुटून काढा करायचा, गाळून त्यात साखर, आणि पाक घट्ट झाला की उतरवून घोटत राहायचं. हात दुखायला लागतात, पण एका क्षणी तो रवाळ व्हायला लागतो. शेवटी वेलची. बाळंतिणीला दुधातून सकाळ-संध्याकाळ.

एक मात्र लक्षात ठेवा, कल्पात साखर खूप असते. मधुमेह असणाऱ्या बाळंतिणीला हा नको.

लेखणी_बहाद्दर

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. ऑफिसात सगळे झोपेसाठी आणि ताणासाठी अश्वगंधेच्या कॅप्सूल घेतात. जाहिरातीही तशाच. सुरक्षित आहे का? नैसर्गिकच आहे ना?

स्टेथो

बचनागही नैसर्गिकच आहे. एखादी गोष्ट मुळातून येते एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही.

अश्वगंधेनं ताण कमी होतो, झोप थोडी सुधारते असं दाखवणारे छोटे अभ्यास आहेत. पण यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. डोळे पिवळे होणं, अंगाला खाज, गडद लघवी, असं दिसलं तर लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचं संप्रेरक त्यानं वाढू शकतं, त्यामुळे थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. गरोदरपणात अजिबात नाही. डेन्मार्कनं 2023 साली त्यावर बंदीच घातली.

आयुर्वैद्या

डेन्मार्कची बंदी मला टोकाची वाटते, पण कॅप्सूलबद्दलची काळजी योग्य आहे. परंपरेत मूळ आहे, दुधा-तुपाबरोबर आहे, माणूस पाहून आणि ठरावीक काळापुरतं आहे. कॅप्सूलमध्ये बरेचदा घट्ट केलेला अर्क असतो, त्याचं प्रमाण मुळाच्या चूर्णाशी एकास एक जुळत नाही. त्यात पानांचा अर्क मिसळला जात असे. आयुष मंत्रालयानं 2021 साली उत्पादकांना पानं वापरू नका, मूळच वापरा असं कळवलं. डब्यावर कोणता भाग वापरला आहे ते वाचा, परवाना क्रमांक आहे का बघा. ज्यावर भाग लिहिलेला नाही ते मी घेणार नाही.

आणि चित्रक, कळलावी, बचनाग ही मुळं घरी हाताळायचीच नाहीत. चित्रकाचं कच्चं मूळ वाटून त्वचेवर लावलं तर फोड येतात. औषधात घेण्याआधी ते चुन्याच्या निवळीत ठेवून शुद्ध करतात. गरोदर स्त्रीला तर ते सक्त वर्ज्य. कळलावीचं फूल देखणं म्हणून लोक कुंडीत लावतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, तो खाऊन माणसं दगावतात. लहान मुलं असलेल्या घरात ती नकोच.

सड्यावरचा

कळलावीबद्दल अनुमोदन. पावसाळ्यात रानकंद खणणाऱ्यांनी तर विशेष जपावं. वेल सुकून गेला की वर काहीच खूण राहत नाही. पान-फूल असताना जागा नक्की केली नसेल तर तो कंद घरी आणू नये. जाणता माणूस बरोबर असेल तरच.

निशिगंधा_२

घेटुळी म्हणजेच पुनर्नवा ना? आमच्याकडे पावसाळ्यात भाजी करतात.

आयुर्वैद्या

हो, तीच. पानांची भाजी करतात, औषधात सुजेवर मूळ घेतात. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जमिनीलगत पसरणारी वनस्पती भेसळ म्हणून येते, त्यामुळे मूळ घेताना ओळखीच्या माणसाकडूनच. पायांना सूज आहे म्हणून पुनर्नवा सुरू करण्याआधी सूज कशाची आहे ते तपासून घ्या, हृदयाची, किडनीची की यकृताची.

रानजाई

इतकी माहिती येईल असं वाटलं नव्हतं. मी यातलं घर, रान आणि वैद्यक असं वेगळं करून पहिल्या पोस्टखाली जोडते, म्हणजे नव्यानं येणाऱ्यांना शोधावं लागणार नाही.

काळीमाती दादा, शेवटचा प्रश्न तुम्हाला. रानातून न आणता घरीच शतावरी लावायची असेल तर कशी? गच्चीत जमेल का? परसात थोडी जागाही आहे.

काळीमाती

परसातच लावा, कुंडीत मुळांना जागा पुरत नाही. फारच हौस असेल तर खोल पिंपात.

पिकलेली फळं लाल होतात, आतलं बी काळं आणि टणक. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून जूनमध्ये पिशव्यांत टाका. उगवण सावकाश आणि एकसारखी होत नाही, धीर धरा. रोपं वीतभर झाली की भर पावसात जमिनीत, दोन रोपांत दोन फूट अंतर. माती भुसभुशीत हवी, खाली निचरा हवा. वेलाला आधार द्या, पण हातमोजे घालून, कारण खोडाला वाकडे काटे असतात आणि ते बोटात मोडले की निघत नाहीत. दीड-दोन वर्षं मुळांना हात लावायचा नाही. मग हिवाळ्याच्या शेवटी एका अंगानं माती उकरून जाड मुळं तेवढी काढा, बारीक राहू द्या आणि माती परत लोटून पाणी द्या. बी हवं असेल तर सांगा, आमच्या बांधावरच्या वेलाला यंदा भरपूर धरलं आहे.

दूधभात

दादा, मलाही हवंय!